लॉगिन होतं, पण कोणी सांगितलंच नव्हतं : एमएच्या एका प्रोजेक्टची पूर्ण केस

मी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत रेफरन्स डेस्कला आहे. ही केस त्या मुलीला विचारूनच लिहितेय, तिचं नाव, गाईडचं नाव, बाकी तपशील मुद्दाम देत नाहीये. लिहावंसं वाटलं कारण हे एकट्या तिचं नाही, दर सेमिस्टरला डेस्कसमोर हेच येऊन उभं राहतं, फक्त विषय बदलतो.

मुलगी एमए इतिहास भाग २ ला. राहते दिव्याला, सकाळी लेक्चर्स, संध्याकाळी एका क्लासमध्ये आठवी-नववीला शिकवते, म्हणजे लायब्ररीत बसायला वेळ मिळाला तर दुपारचा आणि तोही रोज नाही. रिसर्च प्रोजेक्टचा विषय १८९६ चा प्लेग आणि मुंबईतल्या कामगार वस्त्या. विषय तिने स्वतः निवडलेला, कारण आईचं माहेर माझगावला ताडवाडीच्या बीआयटी चाळीत, आणि बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये सरकारने काढलेला, हे तिला कॉलेजात आल्यावर कळलं. आजीचा सगळा संसार ज्या खोलीत झाला ती खोली एका साथीमुळे बांधली गेली हे समजल्यावर तिला दुसरा विषय नकोच होता. असा विषय घेऊन येणारी मुलं फार थोडी असतात आणि ती मधेच कंटाळून सोपा विषय घेऊन मोकळी झाली की मला खरंच वाईट वाटतं.

तीही त्याच टोकाला आली होती. गाईडने सिनॉप्सिस परत केलेला, वर लाल पेनाने लिहिलेलं की रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, फार पातळ आहे, जर्नल्समधलं, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांमधलं, काही वाचलेलं दिसत नाही. तिच्या फाईलमध्ये एमएची दोन पुस्तकं, पेपरच्या पुरवण्यांमधले कोविडच्या काळात आलेले काही लेख, इंटरनेटवरची दोन-चार पानं आणि एका चॅटबॉटने तयार करून दिलेली संदर्भांची लांबलचक यादी एवढंच होतं. मला म्हणाली, "मॅडम, यातलं काहीच उघडत नाही. जे उघडतं ते पैसे मागतं. एका लेखाचे तीस-चाळीस डॉलर म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये, आणि सर म्हणतात वीसेक तरी वाच."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घरून किंवा ट्रेनमध्ये फोनवर शोधलं की प्रकाशकाच्या साईटवर हेच दिसतं, पहिलं पान किंवा नुसता सारांश, आणि खाली किंमत. त्यामुळे मुलांची ठाम समजूत होते की जर्नल्स ही पैसेवाल्यांची गोष्ट आहे, मग कोणीतरी टेलिग्रामच्या ग्रुपवर पीडीएफ मागतं, कोणीतरी सारांशावरूनच दोन ओळी लिहून पूर्ण लेख वाचल्यासारखा संदर्भ देतं.

आधी ती यादी घेतली. चॅटबॉटने दिलेला संदर्भ तपासायचा म्हणजे शीर्षक कोटेशन मार्कमध्ये टाकून गूगल स्कॉलरवर बघायचं, मग त्या जर्नलच्या साईटवर जाऊन तो खंड, ते वर्ष, ती पानं जुळतात का बघायचं, आणि डीओआय नंबर, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिला असेल तर तो डीओआयच्या साईटवर टाकायचा, खरा असेल तर बरोबर त्या लेखावर नेतो. हे करायला बसलो तर निम्म्याहून जास्त संदर्भ जगात अस्तित्वातच नव्हते. काही अर्धे खरे, लेखक खरा पण त्याने त्या नावाचा लेख कधी लिहिलेलाच नाही, किंवा जर्नल खरं पण त्या खंडात भलतंच काहीतरी. ती मुलगी गप्प झाली, कारण यातले काही सिनॉप्सिसमध्ये घातलेले होते. मी तिला रागावले नाही. ज्याला खरं दार माहीतच नाही तो उघडं दिसेल त्या दाराने आत जाणार. पण एक गोष्ट तिला स्पष्ट सांगितली, की डेटाबेसमध्ये, म्हणजे लायब्ररीतून मिळणाऱ्या लेखांच्या ऑनलाईन संग्रहात, सापडलेला लेख निदान आहे, कोणीतरी लिहिलाय, कोणीतरी तपासून छापलाय, आणि परीक्षकाने मागितला तर समोर ठेवता येतो, त्यामुळे यापुढे जो संदर्भ डोळ्याने पाहिला नाही तो फाईलमध्ये घालायचा नाही.

मग विचारलं, अगं, तुझं लायब्ररीचं रिमोट लॉगिन आहे ना? तिला तो शब्दच नवीन होता. पहिल्या वर्षी ॲडमिशनच्या वेळी एक फॉर्म भरलेला, त्यावरून लॉगिनची मेल आलेली, ती इतर शे-दोनशे मेलच्या खाली पडलेली. ओरिएंटेशनला ती नव्हती कारण तिचं ॲडमिशन उशिराच्या लिस्टमध्ये झालेलं. म्हणजे वर्षभर हक्क तिच्याकडे होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण हे एकदा समजलं की मुलांचा अर्धा गोंधळ जातो. विद्यापीठ किंवा सरकार एखाद्या प्रकाशकाला पैसे भरतं तेव्हा प्रकाशकाला माणूस दिसत नाही, कॅम्पसच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, म्हणजे त्या जोडणीचा नंबर, दिसतो. कॅम्पसच्या वायफायवर तीच लिंक उघडा, पूर्ण लेख. गेटच्या बाहेर येऊन फोनच्या डेटावर उघडा, किंमत. लेख तोच, माणूस तोच. बाहेरून उघडायचं तर मी या संस्थेची आहे हे सिद्ध करावं लागतं आणि ते लॉगिनने होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्ररींसाठी काम करणाऱ्या यूजीसीच्या केंद्राच्या इन्फेड नावाच्या व्यवस्थेतून चालतं, प्रकाशकाच्या साईटवर संस्थेतून लॉगिन करा असा पर्याय असतो, तिथे आपली संस्था निवडायची, लायब्ररीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड टाकायचं, झालं. तो पर्याय बारीक अक्षरात असतो आणि किंमत मोठ्या अक्षरात, म्हणून मुलांना किंमतच दिसते.

आणि मिळतंय काय तेही बघा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला मंजुरी दिली, २०२५ ते २०२७ या ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून जास्त संस्था, आणि १ जानेवारी २०२५ पासून ते सुरूही झालं. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस हे सगळे त्यात आहेत. लोकांना वाटतं हे फक्त आयआयटी आणि सायन्सवाल्यांसाठी आहे. अजिबात नाही, इतिहासाची, समाजशास्त्राची, नगररचनेची उत्तम जर्नल्स याच प्रकाशकांकडे आहेत. अनुदानित कॉलेजांसाठी त्याआधीपासून एन-लिस्ट ही ऑनलाईन वाचनसाहित्य देणारी योजना आहे, तिथे कॉलेजचा लायब्ररियन मुलांची नावं भरून लॉगिन काढून देतो. पण नावं भरली गेली पाहिजेत, मुलाने मागितलं पाहिजे, आणि लॉगिन आल्यावर कोणीतरी शेजारी बसून पहिला लेख उघडून दाखवला पाहिजे. हे शेवटचं काम कुठल्याच योजनेच्या बजेटमध्ये नसतं आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

तिचा पासवर्ड रीसेट करून दिला आणि तिच्याच फोनवर, लायब्ररीचं वायफाय बंद करून, तिने ट्रेनमध्ये किंमत बघून बंद केलेला एक लेख उघडायला लावला. इतिहासकार प्रशांत किदांबी यांचा बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरचा, १८९८ ते १९१८ या काळाबद्दलचा, स्टडीज इन हिस्टरी या जर्नलमध्ये २००१ मध्ये आलेला. सेजचं जर्नल. पूर्ण पीडीएफ उतरली. ज्या ट्रस्टने आजीची चाळ बांधली त्याच्यावरचं अख्खं संशोधन इतके दिवस तिच्या खिशात होतं.

पण लॉगिन मिळालं म्हणजे शोधता आलं असं नसतं, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती सर्च बॉक्समध्ये पूर्ण प्रश्न टाईप करत होती, म्हणजे प्लेगचा मुंबईच्या कामगारांवर काय परिणाम झाला, असं इंग्रजीत. चॅटबॉटला असं विचारायची सवय लागलेली. डेटाबेसला प्रश्न कळत नाही, त्याला शब्द लागतात, आणि तेही लेख लिहिणाऱ्याने वापरलेले शब्द. शहराचं नाव अधिकृतपणे १९९५ मध्ये बदललं, त्याआधीच्या लेखांत मुंबई असं स्पेलिंग टाकून काय सापडणार, आणि नंतरच्या इतिहासकारांनीही त्या काळाबद्दल लिहिताना बॉम्बेच वापरलेलं असतं. म्हणून बॉम्बे ऑर मुंबई असं, मधला ऑर कॅपिटलमध्ये, म्हणजे दोन्हींपैकी कुठलाही शब्द असलेले लेख येतात. प्लेगबरोबर एकदा हाऊसिंग, एकदा सॅनिटेशन, एकदा मिल, एकदा सेग्रीगेशन. दोन-तीन शब्दांचं नाव असेल तर कोटेशन मार्क, नाहीतर इम्प्रूव्हमेंट एकीकडे आणि ट्रस्ट दुसरीकडे असलेले हजारो निकाल अंगावर येतात.

एक चांगला लेख हाताला लागला की पुढे सरळ शोधत बसायचं नाही. त्या लेखाच्या तळटीपा वाचायच्या म्हणजे मागे जाता येतं, आणि स्कॉलरवर त्या लेखाखाली साइटेड बाय असतं त्यावर क्लिक केलं की पुढे येता येतं, म्हणजे नंतर कोणी कोणी या लेखाचा आधार घेतला. या एका लेखावरून ती किदांबींच्याच अर्बन हिस्टरीमधल्या २००४ च्या लेखावर गेली, तिथून मागे इरा क्लाईन यांच्या मॉडर्न एशियन स्टडीजमधल्या १९८८ च्या लेखावर, तो प्लेग, सरकारी धोरण आणि लोकांचा असंतोष यावरचा. दोन्ही केंब्रिजची जर्नल्स, दोन्ही लॉगिनने उघडली. एका दुपारी तिच्या यादीत खऱ्या लेखांची संख्या जुन्या यादीतल्या खऱ्यांपेक्षा जास्त झाली, आणि ती क्लासला उशीर होईल म्हणून उठली तेव्हा चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं.

मग मूळ साधनं, म्हणजे त्या काळातच लिहिलेले कागद. इतिहासाच्या मुलांना पबमेडचं, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाईन सूचीचं, नाव सांगितलं की ती म्हणतात ते डॉक्टर लोकांचं. पण अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पबमेड सेंट्रलमध्ये जुनी वैद्यकीय जर्नल्स पहिल्या अंकापासून स्कॅन करून ठेवलीयेत, आणि ती कुठल्याही लॉगिनशिवाय, फुकट. कलकत्त्याहून निघणारं इंडियन मेडिकल गॅझेट आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलचे त्या काळातले अंक आहेत, आणि जर्नल ऑफ हायजीन आहे. हे शेवटचं मुंबईच्या प्लेगसाठी खजिना आहे. प्लेग कसा पसरतो हे शोधायला नेमलेल्या कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, जे काम केलं त्याचे अहवाल १९०६ पासून त्यात छापून आले. पिसवांमधून संसर्ग होतो हे पक्कं करायला त्यांनी प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिग मोकळे सोडले, त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या, तपासल्या. १९०७ चा एक अहवाल तर सायन, वडाळा, परळ आणि वरळी या चार गावांबद्दल आहे, हो, गावं म्हणूनच, आणि त्यात मेलेले उंदीर कधी सापडले, माणसं कधी आजारी पडली याची बारीक नोंद आहे. हे वाचताना ती मुलगी खुर्चीतून पुढे झुकली आणि म्हणाली, "मॅडम, हे इथलंच आहे हो सगळं, आपण रोज इथूनच जातो." यासाठीच मी ही नोकरी करते.

पबमेडमध्ये आणखी एक सोय आहे जी बाहेरच्या सर्च इंजिनमध्ये नसते. तिथे बहुतेक लेखांना एका ठरलेल्या यादीतले विषयशब्द लावलेले असतात, त्याला मेश म्हणतात, आणि प्लेग या विषयाखाली इतिहास असा पोटविषय निवडता येतो. मग आजच्या जिवाणूशास्त्राचे हजारो पेपर गळून पडतात आणि साथीच्या इतिहासावरचं तेवढं राहतं.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी टाइम्स ऑफ इंडियाचा, प्रोक्वेस्ट या कंपनीने केलेला ऐतिहासिक डेटाबेस, १८३८ पासूनचा, म्हणजे पेपर बॉम्बे टाइम्स म्हणून सुरू झाला तेव्हापासूनचा. हा आमच्याकडे कॅम्पसवरच्या कॉम्प्युटरवरच मिळतो, त्यामुळे तिला त्यासाठी दुपारच काढावी लागली. इथे शब्दांची अडचण दुप्पट होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पण सुरवातीला अधिकारी प्लेग हा शब्द टाळून ब्युबॉनिक फीव्हर असं काहीतरी म्हणत होते, म्हणजे नुसतं प्लेग टाकलं की साथीचे पहिले काही आठवडे हातातून निसटतात. गिरगावच्या स्पेलिंगच्या शेवटी ए यू एम. वडाळ्यात एक जास्तीचा एच. त्यात जुना फिकट छापा कॉम्प्युटरने वाचलेला, त्यामुळे अक्षरं चुकीची ओळखलेली. यावर उपाय एकच, शब्दांवर फार भिस्त ठेवायची नाही, तारखांची चौकट घट्ट करायची. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेला होता. तर हॉस्पिटलचं नाव टाकून ऑक्टोबर-नोव्हेंबर १८९६ एवढाच काळ निवडला आणि बातम्या एकामागून एक येत गेल्या. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा, चिंचपोकळीचं, कोविडच्या सुरवातीला मुंबईत सगळ्यांच्या तोंडी असलेलं. तिने पुढचा अख्खा दुसरा चॅप्टर याच घटनेभोवती बांधला, आणि मला वाटतं प्रोजेक्टमधला सगळ्यात ताकदीचा चॅप्टर तोच झाला.

बाकीचं भराभर सांगते. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाईन संग्रहावर साऊथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज म्हणून फुकट संग्रह आहे, जनगणनेचे अहवाल शोधायचे तर तिथून सुरवात करायची. जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६, वाढत्या गिरणगावाच्या काळात शहर घटलं, हा एक आकडा तिच्या प्रस्तावनेला पुरेसा होता. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साईटवर ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे सरकारी अहवाल आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये प्लेगच्या मुंबईचे फोटो आहेत. आणि शोधगंगा, तिथे पीएचडीचे लाखो प्रबंध चॅप्टरवार पीडीएफमध्ये ठेवलेत, २००९ आणि २०१६ च्या यूजीसी नियमांनी विद्यापीठांना ते देणं भाग पाडलं म्हणून. शोधगंगेवर माझा सल्ला नेहमी एकच, आधी संदर्भसूची उघडा आणि मग चॅप्टर. कोणीतरी तुमच्याच विषयावर तीन-चार वर्षं घालवलेली असतात, त्याला काय सापडलं ते आधी बघा. फक्त मराठीतले प्रबंध शोधताना नाव देवनागरीत पण टाकून बघायचं आणि रोमनमध्ये पण, आणि स्कॅन केलेल्या पानांमध्ये आतला मजकूर शोधता येत नाही हे धरूनच चालायचं.

आता याच्यातली उणीवही सांगायलाच हवी, कारण डेटाबेसवाली बाई डेटाबेसचंच कौतुक करणार असं वाटायला नको. एका टप्प्यावर तिच्याकडे चाळीसेक लेख-अहवाल जमले आणि तिने स्वतःच विचारलं, की मॅडम, यात सगळे डॉक्टर, कमिशनर, इंजिनिअर आणि प्रोफेसरच बोलतायत, चाळीतला माणूस कुठेय. प्रश्न अगदी बरोबर होता. विद्यापीठ पैसे भरून जे घेतं ते जवळजवळ सगळं इंग्रजी, आणि जुनं जे स्कॅन झालंय तेही राज्यकर्त्यांचं. मराठीत त्या काळात वर्तमानपत्रं होती, पत्रकं होती, लोक तावातावाने लिहीत होते, घरं उघडून तपासणाऱ्या सोजिरांबद्दल, बायकामाणसांना हॉस्पिटलात न्यायच्या सक्तीबद्दल. ते आमच्या पडद्यावर येत नाही आणि हे मला खुपतं. मराठीतल्या जुन्या नियतकालिकांचा पूर्ण मजकूर शोधता येईल असा चांगला डेटाबेस असणं ही काही चैन नाहीये, मुंबईत बसून मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या मुलांची ती गरज आहे.

म्हणून तिला बाहेर पाठवलं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची ग्रंथसंजीवनी ही साईट घरूनही बघता येते, त्यात जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं, नकाशे स्कॅन करून ठेवलेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्याच वर्षाचं, तिथे प्रत्यक्ष जाऊन बसावं लागतं. आणि काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, तिथे जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगच्या फायली आहेत आणि रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्सही आहेत. हे रिपोर्ट म्हणजे मराठी-गुजराती वर्तमानपत्रांत दर आठवड्याला काय आलं त्याचा सरकारी अनुवादकाने केलेला इंग्रजी गोषवारा. निवड सरकारची, हे ध्यानात ठेवून वाचायचे, पण कुठल्या पेपरचा कुठला अंक शोधायचा हे त्यातून नेमकं कळतं. तिने हेच केलं, गोषवाऱ्यातून तारखा काढल्या आणि त्या तारखांचे मूळ मराठी अंक मागितले. सगळे नाही मिळाले. जे मिळाले ते तिने हाताने उतरवून घेतले.

मधे एक प्रसंग झाला त्याचा तिलाही फटका बसला म्हणून सांगते. दुसऱ्याच कोणीतरी, बहुतेक परीक्षा जवळ आल्याच्या घाईत, सॉफ्टवेअर लावून एका जर्नलच्या शेकडो पीडीएफ एका रात्रीत उतरवल्या. प्रकाशकाच्या सिस्टिमला हे लगेच कळतं आणि ते त्या एका मुलाला बंद करत नाहीत, संस्थेचाच ॲक्सेस थांबवतात. ऐन सबमिशनच्या तोंडावर तिचे दोन लेख अडकले, बाकीच्या शंभर मुलांचे किती अडकले असतील. पत्रव्यवहार करून सुरू करून घेतलं, पण तेवढे दिवस गेलेच. पीडीएफ लागेल तशी एकेक उतरवा, लॉगिन मित्राला देऊ नका, हे आम्ही भिंतीवर लिहिलेलंच असतं. पण का, ते कोणी सांगत नाही. कारण सांगितलं की मुलं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

संदर्भ सांभाळायला तिला झोटेरो लावून दिलं, फुकट आहे, ब्राउझरमधून एका क्लिकवर लेखाची माहिती घेतं आणि वर्डमध्ये संदर्भ आपोआप घालतं. पण जुन्या अहवालांची माहिती ते बऱ्याचदा अर्धवट उचलतं, म्हणून लेखक, वर्ष, खंड, पानं हाताने तपासायची शिस्त लावली. चॅटबॉटच्या यादीने पोळल्यावर ही शिस्त तिने माझ्यापेक्षा कडक पाळली.

प्रोजेक्ट जमा झाला. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी त्या चार गावांच्या अहवालाबद्दल बराच वेळ विचारलं, कुठे मिळाला, मूळ पाहिलाय का, आणि तिने फोनवर तिथल्या तिथे उघडून दाखवला. मार्क चांगले पडले. आमच्याकडे यातून एक बदल झाला, आता उशिरा ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी वेगळं सेशन ठेवतो, आणि त्यात भाषण नाही, प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर, मोबाईल डेटावर, स्वतःच्या विषयाचा एक लेख उघडूनच उठायचं. वेळ जास्त लागतो, पण नंतर डेस्कवर येणारे प्रश्न वेगळे येतात, लॉगिन कसं करू याऐवजी अमुक काळातलं अमुक कुठे बघू असे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. निकाल लागला की विद्यार्थ्याचं लॉगिन बंद होतं. तिला पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला बसायचंय, हाच विषय पुढे न्यायचाय, ताडवाडीच्या चाळींवर, आणि नेमक्या त्या मधल्या वर्षात तिच्याकडे काही नाही. तिला सांगून ठेवलंय की जेस्टोरवर स्वतःचं खातं उघड, महिन्याला १०० लेख ऑनलाईन वाचता येतात, ईपीडब्ल्यूचे, म्हणजे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे, जुने अंकही त्यात येतात. पबमेड सेंट्रल, साऊथ एशिया आर्काइव्ह्ज, शोधगंगा, ग्रंथसंजीवनी हे उघडंच आहे. लेखकाला सरळ मेल लिहून लेख मागितला तर बरेच प्राध्यापक पाठवतात. आणि लायब्ररीत बाहेरचा वाचक म्हणून येऊन कॅम्पसच्या कॉम्प्युटरवर बसता येतं, त्याचा अर्ज मी तिच्याकडून भरून घेतलाय. पास झालेल्यांचं लॉगिन निदान दोन वर्षं चालू ठेवावं असा प्रस्ताव मी वर पाठवलाय, परवान्याच्या अटींत ते कुठल्या प्रकाशकाकडे बसतं हे एकेकाला विचारणं चालू आहे.